सतरा ‘व्हय’ आणि डेग नंबर सात

मी एक जुनी तांब्याची डेग आहे, आणि सॉफ्टवेअर कसं बुडतं आणि कसं तरतं, हे आज मी तुम्हाला सांगणार आहे. मित्रांनो, हसू नका. ज्यांनी ते बनवलं ते त्याच्यासमोर बसून होते. मी त्याच्या आत होते, नंबर सात म्हणून.

माझा जन्म नगरच्या एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. त्याने आम्हा दोघी बहिणींना एकाच मापात ठोकून काढलं. तीन दिवस कानाशी एवढी ठोकाठोक झाल्यावर खरं तर मला ऐकू कमी यायला हवं होतं. झालं उलटंच. माझ्या पोटात शब्द पडला की तो घुमतो आणि तिथंच राहतो. त्यामुळे माझ्याशेजारी बसून जे कुणी काही बोललं, ते सगळं माझ्याकडे जमा आहे.

आम्हाला खर्ड्याला आणलं खाजाभाईंच्या वडिलांनी. जामखेड रस्त्याला त्यांचं भांडी भाड्याने द्यायचं दुकान आहे. आता ते खाजाभाई चालवतात. म्हणजे पाटीवर त्यांचं नाव आहे. चालवतात त्यांच्या पत्नी बिबीजान. घरात ही मंडळी दखनी बोलतात आणि गिऱ्हाईक आलं की खर्ड्याची मराठी. तुमच्यासाठी मी सगळं मराठीतच सांगते.

आमच्या भागात मोठं जेवण दोन तऱ्हेचं. सप्ताह, पूजा, लग्न हे गोडाचं. जत्रा आणि कंदुरी हे तिखटाचं, म्हणजे जिथं बकरं शिजतं. दर्ग्याला नवस बोलायला इथं कुणी कुणाला धर्म विचारत नाही, त्यामुळे कंदुरी सगळ्यांच्याच घरी होते. पहिल्या वर्षी मी एका सप्ताहाला गेले आणि बहीण एका कंदुरीला. तेवढ्यावर आमचं आयुष्यभराचं ठरलं. मी गोडाची, ती तिखटाची. दोघी दिसायला सारख्या, पण एकमेकींचा स्वयंपाक आम्ही कधी चाखला नाही.

आम्हाला ओळखायची बिबीजानची एक पद्धत होती. दुकानामागच्या अंगणात गोडाच्या डेगी पालथ्या ठेवायच्या आणि तिखटाच्या उताण्या, म्हणजे त्यांना ऊन-वारा लागून वास निघून जातो. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुठे लिहिलंही नव्हतं. विचारलंच नाही कुणी, तर सांगणार कुणाला?

तांब्याला वाईट दिवस आले तेही मी पाहिले. हलकी जर्मलची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली आली आणि आम्ही आठ वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलो. त्या काळात एका कोंबडीने माझ्यात दोनदा पिल्लं काढली. तेही काम मी मन लावून केलं. मग लग्नाच्या फोटोत तांबं छान दिसतं असा शोध कुणाला तरी लागला, आम्हाला पुन्हा कल्हई झाली, आणि मी परत चुलीवर चढले. जेवणाऱ्यांनी आचाऱ्याची तारीफ केली, यजमानाची केली, एकदा तर लाकडांचीही केली. डेगीची कुणी केल्याचं मला आठवत नाही. पण माणूस कसा आहे हे त्याने परत पाठवलेल्या भांड्याच्या बुडावरून मला कळतं, आणि माझी यादी मोठी आहे.

आता मुद्द्याकडे येते. खाजाभाईंना एकच खोड. माणूस उंबऱ्यात दिसला की त्याने काही मागायच्या आत यांच्या तोंडून ‘व्हय’ निघतं. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी एकाच दिवसाच्या डेगी दोन लग्नांना कबूल केल्या. त्या दिवशी ते स्वतः टेम्पोत बसून जामखेडहून भांडी उसनी आणायला गेले आणि परत आले ते घामाने आणि लाजेने भिजून.

त्यांची मुलगी इन्शा नगरला संगणकाचं शिकून नुकतीच घरी आली होती. तिच्या हातात पुण्याच्या एका कंपनीचं पत्र होतं. रुजू व्हायची तारीख चैत्र संपल्यावरची. तिला मात्र जायचं नव्हतं. तिला इथंच, दुकानाच्या माडीवर, स्वतःचं काम सुरू करायचं होतं.

ती म्हणाली, “अब्बा, मी प्रोग्राम करते. कुठली डेग कुठं, कधी, सगळं मोबाईलवर. परत अशी फजिती न्हाई.”

खाजाभाई म्हणाले, “व्हय.”

मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते सावरले. “पन चैत्रातल्या जत्रा उरकंपर्यंत. तवर चाललं तर माडी तुझी. न्हाई चाललं तर गपगुमान पुण्याला.”

मित्रांनो, एवढंच पणाला लागलं होतं. एक माडी, आणि ती चढायला चैत्रापर्यंतची मुदत.

इन्शाने मदतीला तिच्या वर्गातला हर्षल बोलावला. पोरगा गुणी, हात चलाख, फक्त त्याला प्रश्नापेक्षा रंग आधी दिसायचे. पहिली बैठक अंगणात झाली. मी पालथी होते आणि हर्षल माझ्यावर बसला होता, म्हणून मला प्रत्येक शब्द आठवतो. आप्पासाहेब नावाचे मंडपवालेही होते. ते खाजाभाईंचे जुने मित्र. चहाच्या वेळी त्यांना रस्ता आपोआप इकडे आणतो.

“चाचा, डेगींचे फोटो टाकायचे?” हर्षलने विचारलं.

“व्हय.”

“कुठल्या गावाला किती डेगी गेल्या, त्याचा नकाशा?”

“व्हय व्हय.”

“मुहूर्त पन घाला त्यात,” आप्पासाहेब म्हणाले. “आन हवामान. मंडप उडाला न्हाई पायजे.”

“ते तर पायजेच,” हर्षल म्हणाला आणि त्याने लिहून घेतलं. आप्पासाहेबांच्या मंडपाचा या दुकानाशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. चहा संपायच्या आत वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा प्रोग्राममध्ये शिरल्या होत्या.

बिबीजान कप न्यायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “गोडाचं आन तिखटाचं कसं कळंल याला?”

“चाची, ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ,” हर्षल म्हणाला.

“तू चहा ठेव आनखी,” खाजाभाई म्हणाले.

इन्शाने मान वर केली, काही विचारणार तेवढ्यात आप्पासाहेबांनी आणखी एक कल्पना काढली आणि ती राहिली. मी मोजलं. त्या बैठकीत खाजाभाई सतरा वेळा ‘व्हय’ म्हणाले, आणि बिबीजाननी एक प्रश्न विचारला. सतरा ‘व्हय’चा प्रोग्राम झाला. एका प्रश्नाचा झाला नाही.

पुढच्या आठवड्यात आम्हाला नंबर मिळाले. चहाच्या टपरीवर पैसे घ्यायला ठिपक्यांचा चौकोन चिकटवतात ना, तसा एकेक चौकोन हर्षलने आमच्या बुडाला चिकटवला. बुडालाच का? तर तिथं सपाट जागा होती आणि फोटोत मध्यभागी दिसत होता. त्यासाठी त्याने अंगणातल्या झाडून साऱ्या डेगी पालथ्या घातल्या. गोडाच्या, तिखटाच्या, सगळ्या एका रांगेत. मला सात नंबर, बहिणीला आठ. संध्याकाळी बिबीजान आल्या, त्यांनी रांग पाहिली, कपाळाला हात लावला, आणि एक शब्द न बोलता निम्म्या डेगी पुन्हा उताण्या केल्या.

चौकोनांचं काय झालं, ते तुम्ही ओळखलंच असेल. पहिल्या लग्नात लाकडं पेटली आणि पाच मिनिटांत माझा नंबर धुरात गेला. हर्षलने बूड पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, “हे चाचणीत आलं नव्हतं.” चाचणी त्याने टेबलावर केली होती, मित्रांनो. टेबलाला जाळ नसतो. मग त्याने कडीजवळ ऑइलपेंटने आकडे काढले.

प्रोग्रामचं उद्घाटन मात्र झोकात झालं. नारळ फुटला, आप्पासाहेबांनी बटण दाबलं, पडद्यावर आमचा नकाशा रंगीबेरंगी उमलला. दुसऱ्या दिवशी खाजाभाई प्रोग्राम उघडायला गेले तर त्याने ओटीपीचा आकडा मागितला. तो आकडा थोरला मुलगा इम्रान याच्या फोनवर जायचा, कारण सुरुवातीला त्याचा नंबर घातला गेला होता. इम्रान चाकणला कारखान्यात, पाळीवर. म्हणजे खर्ड्यात कुणाला झारा हवा असला तरी चाकणला जेवणाची सुट्टी व्हावी लागायची.

“अब्बा, परत आकडा?” इम्रान ओरडायचा. “सायेब बघतोय माझ्याकडं!”

“अरे पन छबूबाई उभ्या हायेत दारात!”

तरीही पौष उलटेपर्यंत एकही डेग चुकली नाही. हर्षल सगळ्यांना सांगू लागला की प्रोग्राम पक्का झाला. इन्शाचा चेहरा उजळला. खरी गोष्ट फक्त मला आणि फैयाजला ठाऊक होती. फैयाज आमचा टेम्पोवाला. तो पडदा बघायचा, मग मुंडी वळवून विचारायचा, “चाची, कंची?” आणि बिबीजान बोट दाखवायच्या. पडदा सांगेल ते एकीकडे आणि बोट दाखवेल ते टेम्पोत. दोन महिने प्रोग्राम चालला तो असा, एका बाईने त्याच्याकडे लक्ष न दिल्यामुळे.

माघात बिबीजान श्रीगोंद्याला गेल्या. त्यांच्या भाचीला मुलगी झाली होती, आयत तिचं नाव. नेमकं त्याच दिवशी जवळच्या एका वस्तीवर सप्ताहाचं काल्याचं जेवण होतं आणि पलीकडच्या शिवारात छबूबाईंच्या घरी कंदुरी. हर्षलने आदल्या दिवशी अंगण नंबरवार लावून टाकलं होतं, सगळ्या डेगी पालथ्या. फैयाजने सवयीने मुंडी वळवली. तिथं कुणी नव्हतं. मग त्याने पडद्यावर होतं तसं केलं. आठ नंबर सप्ताहाला. सात नंबर कंदुरीला.

टेम्पोत बहीण माझ्याशेजारी खडखडत होती. आम्हाला दोघींना कळत होतं. पण डेगीचं कोण ऐकतं?

बहिणीला सप्ताहाच्या मांडवात उतरवून फैयाज मला छबूबाईंच्या अंगणात घेऊन गेला. छबूबाई म्हणजे साठीची, हातात लाकूड असलं तरी नसलं तरी हातात लाकूड असल्यासारखी दिसणारी बाई. तिने मला एकदा पाहिलं, माझ्या काठावरून बोट फिरवलं आणि उसळली.

“फैयाज! ही गोडाची हाय. माझ्या लेकीच्या लग्नात हिच्यात बुंदी केल्ती.”

“आजी, मोबाईलवर हीच हाय.”

“मग मोबाईलातच शिजव बकरं! उद्या परत हिच्यात देवाचा शिरा करनार व्हय तुमी? मला पाप लागंल का तुज्या मोबाईलला?”

फैयाजने हात जोडले आणि इन्शाला फोन लावला. फोनमधून मला ऐकू आलं, इन्शाने लगेच स्कूटी सुरू केली. छबूबाईंच्या दारात गोडाची डेग, म्हणजे सप्ताहाला काय गेलं असेल, हे तिला कळलं होतं. तिकडे आठशे पानं बसणार होती. त्या मांडवात एकाने जरी मोठ्याने म्हटलं असतं की खाजाभाईंनी सप्ताहाला तिखटाची डेग पाठवली, तर माडी राहू द्या, खालचं दुकानही राहिलं नसतं.

मला परत टेम्पोत घातलं. मांडवापाशी पोचलो तेव्हा इन्शाची स्कूटी येऊन थांबली होती. कीर्तन चालू होतं. मागे चुलवणापाशी बन्सी आचारी माझ्या बहिणीत डोकं घालून उभा होता. त्याने अजून तिच्यात काही ओतलं नव्हतं. मंडप आप्पासाहेबांचा होता, त्यामुळे तेही दहा पावलांवर होतेच.

“पोरी,” बन्सी दबक्या आवाजात म्हणाला, “ही आपली न्हाई.”

“काका, आत्ता बदलते. पण... तुम्हाला पक्कं कळतं कोणती?” तिचा कडीवरच्या आकड्यांवरचा विश्वास उडाला होता.

“कळतंय की. पन तुज्या आईला इचार. तुला कळाया पायजे.”

इन्शाने श्रीगोंद्याला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी बाळ दिसलं, मग बिबीजान.

“अम्मी, डेगींची अदलाबदल झाली. आता...”

“तू तोंड नको दाखवू. डेग दाखव.”

इन्शाने फोन माझ्यासमोर धरला.

“काठाला डावीकडं लहान पोचा हाय का? बन्सीभाऊ शिरा झाला की तिथंच झारा आपटतात. वीस वर्सं सांगतेय, ऐकत न्हाईत.”

बन्सीने हातातला झारा पाठीमागे नेला.

“हाय,” इन्शा म्हणाली.

“मग ती गोडाची. आन दुसरीच्या उजव्या कडीला पितळी खिळा हाय का बघ. हाय ना? ती तिखटाची. एवढं घाबरायचं न्हाई. बाळाला झोप आलीय, ठेवते.”

शंभर किलोमीटरवरून, एका मिनिटात. ना आकडा, ना चाकण.

एवढ्यात आप्पासाहेब आलेच. “काय रे बन्सी? डेग का बदलली?”

बन्सीने इन्शाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. “काय न्हाई आप्पा. हिचं बूड पातळ हाय, शिरा लागंल. म्हनून दुसरी मागवली.”

आमच्या तांबटाने हे ऐकलं असतं तर त्याने हातोडी घेऊन पाठलाग केला असता. पण बहिणीने तो अपमान मुकाट गिळला आणि छबूबाईंकडे गेली. जेवणं दोन्हीकडे वेळेवर झाली. त्या दिवशीचा शिरा मी जन्मात कधी केला नसेल इतका जपून केला.

घरी आल्यावर इन्शाने खाजाभाईंना झालं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बंद कर ते. पुण्याला कळव, येते म्हनून.”

“अब्बा, चैत्र अजून आला न्हाई,” इन्शा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बिबीजान परतल्या. इन्शा ओढणी कमरेला खोचून त्यांच्या शेजारी राख आणि चिंच घेऊन बसली. आठ दिवस ती फक्त भांडी घासत होती आणि मध्येच ओल्या हाताने वहीत लिहीत होती. हर्षललाही तिने बसवलं. त्याने मला घासलं. जमलं नाही, पण बुडाला चौकोन का टिकत नाही हे त्याच्या नखांना समजलं.

“अम्मी, या भिंतीपाशी दोन डेगी कायम रिकाम्या का?” तिने एकदा विचारलं. हर्षलच्या नकाशात त्या दोन लाल रंगात दिसायच्या, ‘न वापरलेल्या’ म्हणून.

बिबीजान घासायचं थांबल्या. “त्या मयतीच्या. मरन काय तारीख घेऊन येतं व्हय? ज्याच्या घरी मानूस गेलं, त्याला डेग मागाया यावं लागू ने. आपनच पाठवायची. तुज्या आजोबांपासून हाय हे.”

इन्शाने वही मिटली. तिने नवा प्रोग्राम सुरू केला, आणि सुरू केला म्हणजे आधीच्यातून काढत गेली. नकाशा गेला. हवामान गेलं. शुभेच्छा गेल्या. प्रत्येक बटण निघताना हर्षल असा चेहरा करायचा की जणू त्याची दाढ निघतेय. शेवटी तीन पडदे उरले. पहिल्यावर एकच प्रश्न: गोडाचं की तिखटाचं? दुसऱ्यावर तारीख. तिसऱ्यावर कुठली डेग, तिच्या खुणेसकट. मी आता नंबर सात नाही. ‘काठाला पोचा’ असं माझं नाव आहे. भिंतीजवळच्या दोन डेगींना बटणच नाही. आणि आकडा चाकणला जायचा बंद झाला. इम्रानने त्या दिवशी म्हणे साहेबाला पेढे दिले.

एवढं करून ती थांबली नाही. रोज सकाळी टेम्पो निघताना ती अंगणात उभी राहायची आणि फैयाज मुंडी वळवून “चाची, कंची?” म्हणतो का, ते बघायची. पहिल्या आठवड्यात सहा वेळा म्हणाला. प्रत्येक वेळी तिने कारण विचारलं आणि माडीवर जाऊन काहीतरी दुरुस्त केलं. दुसऱ्या आठवड्यात दोनदा. मग एके दिवशी तो न विचारताच बरोबर डेगी भरून गेला, आणि बिबीजान रिकाम्या हाताने दारात उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या चहा गरम असताना प्यायल्या.

चैत्र आला. जत्रांची झुंबड उडाली. शेवटच्या आठवड्यात आप्पासाहेब आले.

“खाजाभाई, परवा मेव्हण्याकडं जेवन हाय. दोन डेगी कमी पडत्यात. त्या भिंतीपाशी दोन हायेत की रिकाम्या.”

मी कान टवकारले. चाळीस वर्षांची मैत्री, आणि माणूस उंबऱ्यात. खाजाभाईंचे ओठ ‘व्ह’पर्यंत गेले. मग त्यांनी खिशातून फोन काढला, लांब धरला, चष्मा वर केला.

“मी दिल्या अस्त्या रं आप्पा,” ते म्हणाले, “पन प्रोग्राम न्हाई म्हनतोय.”

“काढ की बटन दाबून.”

“बटनच न्हाई. पोरीनं ठेवलंच न्हाई. मी काय करू?”

एवढं असहाय तोंड आणि त्याच्या आत एवढा आनंद मी कुठल्याच माणसात पाहिला नव्हता. आयुष्यभर जे एक ‘न्हाई’ त्यांना जमलं नव्हतं, ते म्हणायला आता त्यांच्या खिशात कुणीतरी होतं.

दोन दिवसांनी दुपारी गल्लीतला एक माणूस दुकानासमोर येऊन खाली मान घालून उभा राहिला. तो काही बोलायच्या आत फैयाजने त्या दोन डेगी टेम्पोत बांधायला घेतल्या होत्या. खाजाभाईंनी भिंतीपाशी मोकळ्या झालेल्या जागेकडे पाहिलं, मग माडीकडे पाहिलं.

आणि चैत्राच्या अखेरीला पुण्याहून फोन आला. इन्शा माझ्याशेजारी फैयाजच्या एका तक्रारीत गुंतली होती, म्हणून फोन खाजाभाईंनी उचलला.

“इन्शा? हाय की. पन ती रिकामी न्हाई,” ते म्हणाले. “न्हाई न्हाई, म्हैन्याभरात पन न्हाई. हितं बुक हाय.” मग थोडं थांबून, मोठ्या थाटात: “प्रोग्रामवर दिसतंय ना मला.”

प्रोग्रामवर असं काही दिसत नव्हतं. तेवढं खोटं मी माझ्या यादीत घेतलं नाही.

मित्रांनो, मी आता थकले आहे. पुढच्या वर्षी पुन्हा कल्हई लागेल. पण तुमच्यातलं कुणी उद्या मोठं होऊन असं काही बनवायला निघालं, तर माझी एक विनंती लक्षात ठेवा. ‘व्हय’ म्हणणाऱ्याचं ऐका, त्याला वाईट वाटू देऊ नका. पण त्या वेळी कप न्यायला जी बाई येते, तिला आधी बसायला जागा द्या. तिने जाता जाता काही विचारलं, तर ते पहिल्या टप्प्यात घ्या.

आणि काही चिकटवायचंच असेल, तर कृपा करून बुडाला नको.